समुद्राखालचेही एक जंगल

मालवणला जाऊन आलेल्या कुटुंबाचा मोबाईल पाहिला की त्यात एक फोटो हमखास सापडतो. निळसर पाणी, डोळ्यांवर मोठा चष्मा, तोंडात नळी, मागे माशांचा थवा आणि कॅमेऱ्याकडे पाहून उंचावलेला अंगठा. फोटो सुंदर असतो, पण त्यातला अंगठा चुकीचा असतो. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून तेथे हाताच्या खुणांची भाषा चालते. त्या भाषेत वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'मजेत आहे' असा होत नाही. 'मला वर जायचे आहे' असा होतो. 'ठीक आहे' म्हणायचे असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो.

ही बाब लहान वाटेल. पण स्कुबा डायव्हिंगचा सगळा मामलाच असा आहे. वरून पाहता ती वीस मिनिटांची मौज आहे. आत शिरले की तिचे कायदे आहेत, आणि ते न पाळल्यास कधी आपला, तर कधी तेथल्या मुक्या जिवांचा जीव जातो. सुट्टीत मुले हट्ट धरतात, घरात चर्चा होते, अम्मी घाबरते, अब्बा खर्चाचा हिशेब करतात. त्या चर्चेला थोडी माहिती असावी, म्हणून हा लेख.

नागभीडपासून मालवण सुमारे हजार किलोमीटर दूर. आपल्याकडे समुद्र नाही. आहेत ते घोडाझरीसारखे तलाव, गावोगावचे मामा तलाव आणि धानाच्या बांधालगतच्या बोड्या. तरीही समुद्राखालचे हे जग समजून घेणे आपल्याला इतरांपेक्षा सोपे जावे. कारण आपण जंगलाच्या शेजारी राहतो, आणि मालवणच्या पाण्याखाली आहे तेही एक जंगलच आहे.

दगड नव्हे, जीव

प्रवाळ म्हणजे पोवळे. अरबीत 'मरजान'. कुरआन शरीफमधील सूरह रहमानमध्ये मोत्यांबरोबर मरजानचा उल्लेख येतो, त्यामुळे हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. अंगठीत बसवतात ते लाल पोवळे, ज्याला उर्दूत मूंगा म्हणतात, ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातल्या एका वेगळ्या जातीचे. मालवणला दिसते ते दगडी प्रवाळ. कुठे मेंदूसारख्या घड्यांचे गोळे, कुठे थर, कुठे पसरट पाने.

हात लावला तर दगड वाटावा असा हा पदार्थ असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक प्राणी म्हणजे एक इवलीशी पिशवी, तिच्या तोंडाभोवती बारीक स्पर्शिका. तो समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतो. त्याच्या शरीरात त्याहूनही सूक्ष्म शेवाळ राहते. शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देते. प्रवाळ त्याला आसरा देतो. प्रवाळाचा रंगही बराचसा या शेवाळाचा. म्हणूनच प्रवाळांची बेटे उथळ, स्वच्छ, उबदार पाण्यात वाढतात, जेथे ऊन पोहोचते.

वाढ मात्र अतिशय संथ. गोळ्यासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर किंवा त्याहूनही कमी वाढते. फुटबॉलएवढा गोळा व्हायला दहा-वीस वर्षे लागतात आणि तो मोडायला पायातल्या फिनचा एक फटका पुरतो. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे एक चतुर्थांश जाती कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला असतात. मासे तेथे अंडी घालतात, पिल्ले तेथे लपतात. जंगल नसेल तर हरिण नाही आणि हरिण नसेल तर वाघ नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पाण्याखाली हिशेब तोच.

मालवणचा कोअर आणि बफर

सिंधुदुर्ग किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला. त्याच्या तटाला लागणाऱ्या पाण्यातले खडक हेच महाराष्ट्रातले प्रवाळ पाहण्याचे सर्वांत परिचित ठिकाण. १९८७ मध्ये येथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडे वर. त्यातला तीन चौरस किलोमीटरांहून काहीसा अधिक भाग गाभ्याचा, म्हणजे कोअर. त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे खडक येतात. उरलेला बफर.

कोअर आणि बफर हे शब्द चंद्रपूर जिल्ह्यात शाळकरी मुलालाही कळतात. ताडोब्याचा कोअर ६२५ चौरस किलोमीटरचा आणि बफर त्याहून मोठा. या रेषा कागदावर ओढल्या की तेथे राहणाऱ्या माणसांचे काय होते, तेही आपण पाहतो. तेंदूपाने आणि मोहफुले गोळा करायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईला वाघ आवडतो की नाही, हा प्रश्न शहरातल्या माणसाइतका सोपा नसतो. मालवणलाही तसेच झाले. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. पिढ्यानपिढ्या रापण ओढणारी ही माणसे. आपली जाळी बंद होतील ही त्यांची धास्ती होती.

पुढे पर्यटन वाढले तसे याच वस्त्यांतले अनेक तरुण बोटी चालवू लागले, पाहुण्यांना पाण्याखाली नेऊ लागले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कुबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली. ज्यांना समुद्राची चाल लहानपणापासून ठाऊक आहे त्यांच्या हाताला त्यातून काम मिळाले. म्हणून मालवणला गेल्यावर डायव्हिंग शिकलेल्या स्थानिक माणसाकडे जावे, त्याचा मोबदला घासाघीस करून अर्ध्यावर आणू नये. प्रवाळ जिवंत राहिले तर त्याचे घर चालेल, हे त्याला कळले की राखणदार वेगळा नेमावा लागत नाही.

पाण्याखाली श्वास

माणूस समुद्रात उतरत आला तो मोत्यांसाठी. आखातातले पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून, केवळ छातीतल्या हवेवर तळ गाठत. चौदाव्या शतकात इब्ने बतूतानेही त्यांच्याबद्दल लिहिले आहे. विसाव्या शतकात जपानचे पैदाशीचे मोती बाजारात आले आणि तो धंदा बसला. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून हवी तेव्हा हवी तेवढी हवा देणारे उपकरण तयार केले. आजची स्कुबा तेथून सुरू होते.

टाकीत ऑक्सिजन भरलेला असतो, असे बहुतेकांना वाटते. हौशी डायव्हिंगच्या टाकीत असते ती आपली नेहमीची हवाच, गाळून, सुमारे दोनशे पट दाबाने भरलेली. तोंडातल्या माउथपीसमधून श्वास घ्यायचा आणि सोडायचा. नाक चष्म्याच्या आत बंद असते. पहिली दोन मिनिटे जीव घाबरतो, कारण तोंडाने श्वास घ्यायची सवय नसते. मग लय सापडते.

दोन नियम मात्र जिवाचे. पहिला, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि तेथे भरलेली छातीतली हवा वर येताना दुप्पट फुगू पाहते. श्वास चालू असेल तर ती बाहेर पडते. रोखला असेल तर फुप्फुसाला इजा होते. तलावात दम धरून बुडी मारणाऱ्या आपल्या मुलांची सवय येथे उलटी पडते, म्हणून त्यांना हे दोनदा सांगावे. दुसरा नियम, कानात दडा बसू लागताच नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची, म्हणजे कान मोकळे होतात. दुखेपर्यंत थांबायचे नाही. मोकळे होत नसतील तर वर यायचे. पैसे गेले तरी चालतील, कानाचा पडदा जाऊ नये.

मालवणची पहिली डुबकी साधारण पंधरा-वीस मिनिटांची आणि काही मीटर खोलीचीच असते. प्रशिक्षक मागून टाकी धरून असतो. त्यासाठी पोहता येणे सक्तीचे नसते. मात्र पुढचा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करायचा तर दोनशे मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे जमावे लागते. खोल गेल्यावर रंगही बदलतात. सर्वांत आधी लाल नाहीसा होतो. वर लालभडक दिसणारी तांबोशी खाली करडी वाटते. कपारीतून गोबरा तोंड बाहेर काढून पाहतो, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे जवळून जातात. ज्याने एकदा हे पाहिले त्याला समुद्र पुन्हा नुसता पाण्याचा पसारा वाटत नाही.

कोणी उतरू नये

दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असेल तर पाण्याखाली जाऊ नये. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी टाळावे, कारण चोंदलेल्या नाकाने कान मोकळे होत नाहीत. किनाऱ्यावर एक फॉर्म भरायला देतात. घाईघाईत सगळ्या ओळींपुढे 'नाही' लिहून सही ठोकू नये.

आपल्या भागासाठी एक गोष्ट खास सांगायला हवी. चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. सिकलसेलचा आजार असलेल्याने स्कुबा करू नये. शरीराला ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि दुखणे उसळते. केवळ वाहक असलेल्यानेही आधी डॉक्टरांना विचारावे. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. मालवणच्या प्रशिक्षकाला हा आजार फारसा परिचित नसण्याची शक्यता आहे, म्हणून ही चौकशी आपण निघण्यापूर्वीच केलेली बरी.

लहान मुलांचे वय हाही मुद्दा आहे. बहुतेक मोठ्या प्रशिक्षण संस्था दहा वर्षांखालील मुलांना खुल्या समुद्रात टाकी लावून उतरवत नाहीत. 'आमचा बच्चा धीट आहे' हे उत्तर होऊ शकत नाही. त्याचे फुप्फुस आणि कान त्याच्या धिटाईने वाढत नाहीत. अशा मुलांना लाईफ जॅकेट घालून, मोठ्या माणसाच्या हाताशी, वरून चष्म्याने पाहू द्यावे.

घरातले प्रश्न

"अब्बा, मीही जाऊ का?" असे मुलीने विचारले की घरात पहिला मुद्दा कपड्यांचा निघतो. डायव्हिंगचा पोशाख म्हणजे वेटसूट. तो अंग झाकतो, थंडीपासून आणि खडकाच्या खरचटण्यापासून वाचवतो. तो अंगाला घट्ट असतो, म्हणून त्यावर सैल कुर्ती चढवता येते. मात्र ती टाकीच्या पट्ट्यांत अडकेल इतकी लांब नसावी. डोक्याला डायव्हिंगचे हूड मिळते, त्यात केस पूर्ण झाकले जातात. साधा स्कार्फ चष्म्याच्या कडेखाली आला तर आत पाणी शिरते. महिला प्रशिक्षक हवी असेल तर नोंदणी करतानाच विचारावे. किनाऱ्यावर पोहोचून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पूर्ण लांबीचा वेटसूट आणि हूड आहे का, हेही आधीच विचारून घ्यावे.

दाढीची अडचण येत नाही, कारण चष्मा ओठाच्या वर बसतो. दाट मिशीतून मात्र पाणी झिरपते. नंबरचा चष्मा असणाऱ्यांसाठी काही ठिकाणी नंबरचे मास्क असतात.

वेळ सकाळची घ्यावी. दुपारनंतर वारा वाढतो, पाणी गढूळ होते. फजरनंतर तयारीला लागले तर जोहरपूर्वी किनाऱ्यावर परत येता येते. रमजानमध्ये हा बेत ठेवू नये. मसल्याचा भाग उलेमांनी सांगावा. शरीराच्या दृष्टीने पाहिले तर पाणी कमी झालेल्या शरीराला डायव्हिंग मानवत नाही, शिवाय तोंडात खारे पाणी जातेच. पावसाळ्यात मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत हे खेळ बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी सर्वांत स्वच्छ. रेल्वेने जायचे तर कोकण रेल्वेचे कुडाळ स्थानक मालवणला सोयीचे. परतीला विमान धरायचे असेल तर एका डुबकीनंतर किमान बारा तास जाऊ द्यावेत.

बोटीत बसण्यापूर्वी

पाण्याखालची भीती सर्वांना असते, पाण्यावरची कोणाला वाटत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. मे महिन्याचा शेवट, म्हणजे समुद्र बदलण्याचे दिवस. सुट्टी संपत आलेली असते, 'एवढे लांबून आलो आहोत' म्हणून माणूस हट्टाला पेटतो. हजार किलोमीटरवरून आलेल्या कुटुंबाला हा मोह अधिक होतो.

त्यामुळे बोटीत चढण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. प्रत्येकाला अंगात बसणारे लाईफ जॅकेट आहे का, आणि ते जाता-येता दोन्ही वेळा अंगावर राहील का. बोटीवर परवान्यापेक्षा जास्त माणसे नाहीत ना. एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती जण आहेत. पहिल्या डुबकीला एकाला एक हेच योग्य. आणि पाण्यात उतरण्यापूर्वी उथळ जागी श्वास, कान आणि खुणा यांचा सराव करून घेतला जातो का. यांपैकी एकाचेही उत्तर टोलवाटोलवीचे मिळाले तर शांतपणे परत फिरावे. आपल्या तलावांत दरवर्षी तरणी मुले बुडतात, घरे उजाड होतात. पाण्याशी शर्यत लावू नये हे आपण मय्यतीला जाऊन शिकलो आहोत.

हात लावू नका, खाऊ घालू नका

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मालवणच्या पर्यटकांमुळे प्रवाळांचे काय होते याचा अभ्यास केला; तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवाळांना धरणे, त्यांवर पाय देणे, फिनचे फटके लागणे यांतून मोडतोड होत असल्याचे त्यात दिसून आले. फोटोसाठी माणसाला खडकावर टेकवले जाते, मासे गोळा व्हावेत म्हणून पाव किंवा बिस्किट टाकले जाते. पाव हे माशाचे अन्न नाही. शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवणारा मासा पावाला लागला की आपले काम सोडतो.

ताडोब्यात जिप्सीतून उतरायचे नाही, आरडाओरड करायची नाही, प्राण्यापुढे काही टाकायचे नाही, हे नियम आपण पाहुण्यांना ऐकवतो. तेच नियम मालवणला आपण पाहुणे असताना पाळावेत. "मला प्रवाळावर टेकवू नका, पाव टाकू नका," असे प्रशिक्षकाला आधीच सांगता येते. गिऱ्हाईकच नको म्हणाले तर तो कशाला टाकेल?

आठवण म्हणून तुकडाही उचलू नये. २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघही त्याच अनुसूचीत आहे. वाघाचे नख घरी ठेवणे आणि प्रवाळाचा तुकडा शोकेसमध्ये ठेवणे, कायद्याच्या नजरेत दोन्ही गुन्हेच.

ताप आपल्याकडचाही

मोडतोड थांबली तरी एक संकट उरते. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापले आणि तसेच काही आठवडे राहिले की प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ बाहेर टाकते आणि पांढरे पडते. ते लगेच मरत नाही, पण उपाशी राहते. पाणी लवकर निवले नाही तर मरते. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर पसरलेली अशी चौथी लाट जाहीर केली.

लक्षद्वीपची बेटेच प्रवाळांवर उभी आहेत. तेथे दहा बेटांवर वस्ती आहे आणि जवळजवळ सगळी लोकसंख्या मुस्लिम. लाटांचा मारा बेटांपर्यंत येण्याआधी प्रवाळांची भिंत तो झेलते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तेथे पाणी तापले. चोवीस वर्षांच्या नोंदींत जिवंत प्रवाळांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे आढळले. मालवणला प्रवाळ गेले तर पर्यटन जाईल; लक्षद्वीपला गेले तर घराखालची जमीन धोक्यात येईल.

या तापाशी आपला संबंध नाही असे म्हणता येणार नाही. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. जिल्ह्याच्या खाणींतला कोळसा जळतो, त्यावर राज्याचे दिवे लागतात आणि त्याचा धूर सगळ्यांच्या आकाशात जातो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत धान उत्पादकाचा जीव कसा होतो ते आपल्याला माहीत आहे. दोन अंशांत प्रवाळाचा तसाच होतो. विजेची उधळपट्टी टाळणे, मशिदीच्या किंवा घराच्या छतावर सौर पॅनेल बसवणे, ही कामे नागभीडला बसूनही होतात. इसराफ टाळावा हे आपण घरात मुलांना सांगतोच. त्याचा समुद्राशीही संबंध आहे, एवढेच त्यांना आणखी सांगावे.

प्रत्येकाने स्कुबा करावीच असे नाही. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावे. आधी तपासणी, मग सराव, मग पाणी, या क्रमाने. खाली गेल्यावर दोन्ही हात छातीशी घ्यावेत आणि नुसते पाहावे. ते जंगल पाहणाऱ्याचे नाही. ती अमानत आहे, आणि अमानतीला जेवढे सांभाळून हात लावायचा असतो त्याहूनही येथे सोपे आहे, कारण येथे हात लावायचाच नाही.